वॉशिंग मशीनच्या नाण्यातला किल्ला

अमेरिकेत ऑनसाइट आलेल्या माणसाला पंचवीस सेंटच्या नाण्याची, म्हणजे क्वार्टरची, खरी किंमत कळते ती शनिवारी सकाळी. आमच्या अपार्टमेंटमधलं वॉशिंग मशीन दुसरं काही खातच नाही! असंच एकदा नाणी मोजताना एक वेगळं हाताला लागलं. तटावर चढून झेंडा उंचावणारा एक शिपाई, आणि नाव ‘फोर्ट मोल्ट्री’. साल २०१६.

किल्ला म्हटल्यावर कपडे राहिले बाजूला...

अमेरिकन टांकसाळीने २०१० ते २०२१ या काळात राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळांची ५६ क्वार्टर्स काढली. त्यातलं हे ३५वं. किल्ला आहे साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी, सलिव्हन्स बेटावर. २८ जून १७७६ ला सर पीटर पार्करच्या इंग्रज आरमाराने त्याच्यावर हल्ला चढवला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अजून सहा दिवस होते, आणि किल्ला अर्धवटच बांधलेला होता. तोही दगडाचा नाही! पाल्मेटो नावाच्या, ताडाच्या जातीच्या झाडाचे ओंडके रचून दोन भिंती, आणि मधे वाळू.

गंमत म्हणजे तेच कामी आलं. पाल्मेटोचं लाकूड मऊ, चिवट. त्याच्या ढलप्या उडत नाहीत. तोफगोळे नुसते रुतून बसायचे. इंग्रजांची तीन जहाजं वाळूत अडकली, त्यातलं एक शेवटी त्यांनाच जाळावं लागलं. शेजारच्या बेटावर उतरलेल्या पायदळाला मधली खाडी काही ओलांडता आली नाही. या धुमश्चक्रीत किल्ल्याचा झेंडा पडला, तेव्हा सार्जंट विल्यम जॅस्परने तो उचलून तोफ साफ करायच्या दांड्याला बांधला आणि पुन्हा उभा केला. नाण्यावरचा शिपाई तो हाच.

एका लाँग वीकेंडला गाडी काढून मी तिथे गेलो. ओंडक्यांचा तट केव्हाच गेलाय. आज दिसतो तो १८०९ साली पुरा झालेला विटांचा किल्ला. आणि त्याच्या दाराशीच एक कबर आहे, ऑसिओलाची. सेमिनोल आदिवासींचा हा पुढारी १८३७ मध्ये बोलणी करायला पांढरं निशाण घेऊन आला, आणि अमेरिकन सैन्याने त्याला सरळ कैद केलं! जानेवारी १८३८ मध्ये तो याच किल्ल्यात वारला.

पुढे एक साधं बाक आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांना चार्ल्सटनमध्ये विकण्याआधी रोगराईच्या भीतीने याच बेटावर वेगळं ठेवत. त्यांच्या आठवणीसाठी, लेखिका टोनी मॉरिसन यांच्या कल्पनेतून २००८ साली हे बाक ठेवलं गेलं. अहो, १७७६ चे ते ओंडके रचायलासुद्धा गुलामच राबले होते.

जॅस्परचं शौर्य खोटं नाही. तीन वर्षांनी सव्हानाच्या लढाईत तो झेंड्यापायीच मेला. पण २४ मिलिमीटरच्या चकतीवर एकच माणूस मावतो, आणि तो कोण हे निवडावं लागतं. खरं सांगू? मीही सह्याद्रीतले इतके किल्ले पालथे घातले, प्रत्येक ठिकाणी लढाया विचारल्या. ते दगड डोक्यावरून वर कोणी नेले, हे एकदाही विचारलं नाही.

ते क्वार्टर मशीनमध्ये टाकलं नाही. त्या आठवड्यात एक धुणं कमी झालं, इतकंच.