कोळसा, कातडं आणि बदक

‘स्पॉइल’ म्हणजे बिघडवणं, हे आपण शाळेतच शिकलो. तरी लोक पदरचे पैसे मोजून गाडीच्या पाठीवर ‘स्पॉयलर’ बसवून घेतात, तोही कार्बन फायबरचा. तो बिघडवतो हवेची चाल. वेगात धावणाऱ्या गाडीच्या उतरत्या टपावरून हवा विमानाच्या पंखावरून जावी तशी जाते, गाडीला वर उचलू पाहते आणि मागच्या चाकांची पकड सुटायला लागते. आडवी पट्टी हा प्रवाह मोडते. विमानाच्या पंखावरची उचल घालवणाऱ्या झडपांनाही स्पॉयलरच म्हणतात. शर्यतीच्या मोटारीवर तो आणण्याचं श्रेय अमेरिकन चालक रिची गिंथर यांना देतात; साल १९६१, गाडी फेरारीची.

शब्दाचं मूळ मात्र रक्ताळलेलं आहे. लॅटिनमध्ये ‘स्पोलियम’ म्हणजे जनावराचं सोललेलं कातडं. तसंच पाडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेलं चिलखतही. सोलण्यातून लूट, लुटीतून नासाडी, असा तो घसरत आला. आपल्या ‘नागवणे’नेही हीच वाट धरली : आधी अंगावरचं उतरवणं, मग लुबाडणं. (अस्सल पट्टीची किंमत ऐकली की हे नातं अधिकच पटतं.)

पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांवर बसवतात त्या छोट्या पंखांना ‘कॅनार्ड’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘कानार’ म्हणजे बदक. १९०६ साली सांतोस-द्युमाँ यांचं ‘१४-बिस’ हे विमान पॅरिसमध्ये उडालं, तेव्हा त्याचं एरवी शेपटीला असणारं सुकाणू लांब मानेसारखं पुढे आलेलं होतं. हुबेहूब उडतं बदक! त्याच फ्रेंच शब्दाचा दुसरा अर्थ कुणीतरी पिकवलेली कंडी. आणि गाडीच्या मागे? पोर्शेच्या १९७२ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या उचललेल्या मागच्या पट्टीला जर्मन लोक ‘एंटेनब्युर्त्सेल’ म्हणतात. सरळ मराठीत, बदकाचं बूड. इंग्रजीने सभ्यपणे ‘डकटेल’ करून घेतलं. आताच्या ९११ जीटी३ आरएसचा मागचा पंख वरून धरणाऱ्या खांबांना तर हंसाची मान म्हणतात. एवढा थाट, आणि नावं सगळी तळ्याकाठची.

कार्बनचं घराणंही साधंच. लॅटिन ‘कार्बो’ म्हणजे कोळसा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये रसायनांची नवी नावं ठरवली, त्यात ‘कार्बोन’ आलं. मराठीने त्याचा ‘कर्ब’ केला आणि तो इतका मुरला की माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ वाचताना शेतकऱ्याला तो परका वाटत नाही. ‘तंतू’ तर आपलाच, ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासूनचा. ‘तंत्र’ही त्याच कुळातलं, त्याचा जुना अर्थ माग, किंवा मागावरचा ताणा. आता गंमत पाहा. कार्बन फायबरचा धागा बहुधा एका कृत्रिम धाग्याला प्राणवायू लागू न देता भाजून करतात, आणि मग तो खरोखरच मागावर विणतात. लॅकरखाली चमकणारी तिरपी नक्षी जीन्सच्याच जातीच्या विणीची. मॅक्लारेनने १९८१ साली एमपी४/१ या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला, तेव्हा तंत्रज्ञान आपल्या जुन्या मागाशी परत आलं होतं.

स्पॉयलरला मराठी शब्द पाडायच्या भानगडीत मी पडणार नाही. गॅरेजात तो केव्हाच रुळला आहे. ‘कर्बतंतू’ मात्र खुशाल वापरा. फक्त काळ्या नक्षीचा कागद चिकटवलेल्या प्लास्टिकला तो लावू नका.