न खाल्लेल्यांचा हिशोब

खाणं असेल तिथे मासे जातात, एवढंच धरून चाललं तर तळ्याची अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी मला मिशिगनमधल्या एका जुन्या प्रयोगात सापडली. अर्ल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८३ साली प्रसिद्ध केला.

त्यांनी एक तळं मधोमध विभागलं. दोन्हीकडे लहानमोठे ब्लूगिल मासे सोडले. एकीकडे त्यांना खाणारे बास मासेही. मोठे ब्लूगिल बासच्या तोंडात मावत नव्हते, ते निर्धास्त फिरले. बासच्या बाजूची पिल्लं मात्र जास्त करून पाणवनस्पतींतच राहिली. बाहेर खाणं जास्त होतं, तरीही. त्यांची वाढ मंदावली.

खाल्लेले मासे मोजता येतात. मला अस्वस्थ करतात ती वाचलेली पिल्लं. लपल्यामुळे ती लहान राहिली, आणि लहान राहिल्यामुळे त्यांचं लपणं लांबलं.