क्रॅश टेस्टचा पुतळा जे सांगत नाही, ते सांगणारं संगणकातलं शरीर

कार अडथळ्यावर आदळते आणि आतला पुतळा एअरबॅगवर आपटतो, असा स्लो मोशन व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. हा पुतळा म्हणजे क्रॅश टेस्ट डमी. समोरच्या धडकेसाठी आजही वापरला जाणारा 'हायब्रिड थ्री' डमी जनरल मोटर्सने 1976 साली आणला. वजन सुमारे 78 किलो, बांधा सरासरी अमेरिकी पुरुषाचा.

छाती किती दबली, मानेवर किती जोर आला, हे डमीतले सेन्सर सांगतात. पण कोणती बरगडी मोडली, यकृत फाटलं का? हे त्याला सांगता येत नाही. त्याला यकृतच नसतं आणि बरगड्या पोलादी असतात!

इथे ह्यूमन बॉडी मॉडेल कामाला येतं. माणसाच्या स्कॅनवरून हाडं, स्नायू, अवयव संगणकात उभे करतात आणि त्यांचे लाखो बारीक तुकडे पाडतात. कोणता तुकडा किती ताणला की तुटतो, हे प्रत्येकाला ठरवून दिलेलं असतं. मग संगणकातच गाडी आदळवायची. प्रत्यक्षात डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणाऱ्या धडकेचं गणित सोडवायला संगणकाला कित्येक तास लागतात. टोयोटाने असं 'थम्स' नावाचं मॉडेल 2000 साली आणलं, 2010 च्या आवृत्तीत आतले अवयव तपशिलाने घातले आणि 2021 पासून ते सगळ्यांना मोफत दिलं.

खरा फायदा असा, की शरीर बदलता येतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात, समोरच्या धडकेत सीटबेल्ट लावलेल्या स्त्रीला गंभीर दुखापत होण्याची शक्यता पुरुषापेक्षा 73 टक्के जास्त आढळली. चाचण्यांत सहसा वापरली जाणारी 'स्त्री' डमी मात्र जेमतेम 49 किलोची, म्हणजे सर्वांत लहान चणीच्या बायकांएवढी. मधल्या बांध्याच्या बाईचा हिशोब कुणी करायचा? युरोपातल्या संशोधकांनी 'व्हिवा प्लस' मॉडेल बनवताना आधी सरासरी स्त्रीचं शरीर घडवलं आणि त्यावरून पुरुषाचं. क्रम उलटा झाला, ते बरंच झालं.

सीट मागे पाडून झोपणाऱ्यांसाठीही हे महत्त्वाचं. अशा वेळी धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं, कमरेच्या हाडावर बसायला हवा तो पट्टा पोटात रुततो आणि आतडी फाटू शकतात. पट्टा नेमका कधी घसरतो आणि आत काय होतं, ते या मॉडेलमध्ये टप्प्याटप्प्याने पाहता येतं.

अर्थात मॉडेल बरोबर आहे का, हे तपासायला देहदानातून मिळालेल्या मृतदेहांवरच्या चाचण्यांचा आधार घ्यावा लागतो. ते देह बहुतेक वृद्धांचे असतात. शिवाय ब्रेक लागताच जिवंत माणूस अंग आवळतो, हात टेकवतो. मृतदेहात ते दिसत नाही. म्हणून आता मॉडेलमध्ये आकुंचन पावणारे स्नायूही घालतात. आपल्याकडे 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये ताशी 64 किमीच्या धडकेत गाडीत बसतात ते मात्र अजून डमीच.