चारमिनार आणि परगांवचा वाटसरू

ताडकळस आज परभणी जिल्ह्यांत आहे. १९४८ पर्यंत मात्र तो सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व राजधानी होती हैदराबाद. पूर्णा किंवा परभणीहून आगगाडीनें तेथें सहकुटुंब जाणाऱ्या मराठी गृहस्थापुढें दुहेरी अडचण उभी राही. शहर अफाट, गल्ल्या गुंतागुंतीच्या. आणि राज्याचा कारभार उर्दूंत. ज्याला ती लिपि येत नसे, त्याला सरकारी पाट्या मुक्याच! मग मुलांबाळांना सांभाळून वाट शोधावी तरी कशी?

उत्तर नगररचनेंतच होतें. १५९१ मध्यें महंमद कुली कुतुबशहानें चारमिनार उभारला, तो चार रस्त्यांच्या संगमावर. त्याच्या चार कमानी चार दिशांस उघडतात. उत्तरेच्या कमानींतून निघालें कीं चारकमान लागते आणि तोच रस्ता पुढें मुसी नदीवर पोंचतो. १८८९ मध्यें चारही बाजूंस घड्याळें बसलीं. चुकामूक झालीच, तर भेटीस स्थळ आणि वेळ दोन्ही एकाच इमारतीवर!

पाटी वाचण्यास अक्षरओळख लागते. मिनार वाचण्यास केवळ डोळे पुरतात. नगर वसविणारानें दिशा दगडांत मांडल्या, म्हणूनच परभाषी पाहुण्यालाही त्या उमगल्या.