‘विद्यार्थी’ ह्या संज्ञेचा अमेरिकी कायद्यातील प्रवास

अमेरिकेत उच्च शिक्षण पुरे केलेल्या परदेशी पदवीधरास त्याच देशात नोकरी करू द्यावी किंवा नाही, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा अर्थकारणाच्या अंगाने होते. जागा किती, वेतन किती, तोटा कोणाचा, अशी तिची मांडणी असते. परंतु गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील तेथील कायदे, नियम व निवाडे क्रमाने वाचीत गेल्यास हा वाद पुनःपुन्हा एकाच शब्दापाशी येऊन थांबतो असे दिसून येते. तो शब्द म्हणजे ‘विद्यार्थी’. विद्यार्थी कोणास म्हणावे आणि त्याचे विद्यार्थिपण नेमके कोणत्या दिवशी संपते, ह्यावर अनेक तरुणांचे भवितव्य आजवर ठरत आले आहे. आपल्या विद्यापीठांतून तिकडे जाणाऱ्यांना हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. व्हिसाचा अर्ज भरताना मात्र त्याचा प्रत्येक थर त्यांच्या वाट्यास येतो. त्या थरांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ चिनी लोकांच्या प्रवेशबंदीपासून करावयास हवा. १८८० च्या तहान्वये चिनी मजुरांचे येणे मर्यादित करण्याचा अधिकार अमेरिकेने मिळविला आणि १८८२ च्या कायद्याने मजुरांना दार बंद केले. त्याच तहात शिक्षक, विद्यार्थी व व्यापारी ह्यांना मात्र मोकळीक ठेवण्यात आली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कायद्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द प्रथम आला तो ‘मजूर’ ह्या शब्दाचा विरोधी म्हणून. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, हे भाषाशास्त्रातील तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. जो मजूर नव्हे तो विद्यार्थी. तेव्हा ज्याने मजुरी केली, त्याच्या विद्यार्थिपणाविषयी संशय घेणे क्रमप्राप्तच झाले.

पुढे ह्या संज्ञेची व्याख्या करण्याची वेळ आली. परदेशीयांच्या प्रवेशाचा कारभार त्या काळी अर्थखात्याकडे होता. १९०० साली त्या खात्याने दिलेल्या व्याख्येनुसार, जो उच्च शाखांचे अध्ययन करू इच्छितो किंवा स्वदेशी ज्याची सोय नाही असा व्यवसाय शिकू पाहतो, ज्याच्या निर्वाहाची तजवीज आधीच झालेली आहे, आणि जो हेतू सिद्धीस गेल्यावर मायदेशी परतण्याची अपेक्षा बाळगतो, तोच विद्यार्थी होय. संस्कृतात ‘विद्यार्थिन्’ म्हणजे विद्येची इच्छा करणारा. त्याच्या खिशात किती द्रव्य आहे आणि तो घरी केव्हा जाणार, ह्यांच्याशी त्या शब्दास कर्तव्य नाही. अमेरिकी व्याख्येत मात्र ही दोन अंगे तेव्हा जी येऊन बसली ती आजतागायत उठलेली नाहीत.

भारतीय विद्यार्थ्यांचा संबंध येथे येतो. त्यांच्यापैकी पहिल्या पिढीला परतण्याची अट जाचक वाटण्याचे फारसे कारण नव्हते. आनंदीबाई जोशी ह्यांना १८८६ साली फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाची जागा त्यांच्यासाठी सिद्धच होती; त्या जागी काम करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही, ही गोष्ट निराळी. स्वदेशीच्या काळात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून परतले व तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याच्या उभारणीस लागले. विद्या तिकडची व काम इकडचे, असा हा सरळ व्यवहार होता.

ज्यांना परतणेच अशक्य झाले त्यांची कथा वेगळी. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ओरेगॉन व वॉशिंग्टन ह्या राज्यांत शेतकीचे शास्त्र शिकले आणि तेथेच गदर चळवळीत ओढले गेले. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ते अपराधी असल्यामुळे मायदेशाचा मार्ग बंद झाला. महायुद्धात इराण, त्यानंतर बर्लिन व मॉस्को, असे करीत १९२४ साली ते मेक्सिकोस पोहोचले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक होऊन त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या, आणि दिएगो रिवेरा ह्या चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिले. त्यांची पदवी अमेरिकेची, उपजीविका मेक्सिकोची, आणि देहावसान १९६७ साली नागपुरास. ‘अध्ययन संपताच मायदेशी’ हे कायद्याने गृहीत धरलेले चित्र अशा आयुष्यांना कोठेच लागू पडत नाही.

दरम्यान अमेरिकेचा कायदा कठोर होत गेला. १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक भलामोठा प्रदेश निषिद्ध ठरविला व त्यात हिंदुस्थान आला; विद्यार्थी हा अपवादांच्या यादीत राहिला. १९२३ साली भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निर्णय दिला. थिंड हे कॅलिफोर्नियात शिकलेले व पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ होते. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्या करताना ‘केवळ अध्ययनाच्या हेतूने’ हे शब्द घातले. ह्यातील ‘केवळ’ पुढे शंभर वर्षे गाजावयाचा होता. आणखी एक बारकावा असा की, परदेशी विद्यार्थी कोणत्या विद्यालयात शिकू शकेल हे मंजूर करण्याचा अधिकार ह्या कायद्याने शिक्षणखात्याकडे न देता मजूरमंत्र्याकडे दिला. मंदीच्या ऐन भरात, १९३२ साली, ह्याच मजूर खात्याने विद्यार्थ्यांच्या मोलाने काम करण्यावर निर्बंध आणले.

अशा वातावरणात पदवीनंतर काम मिळवून राहिलेल्या थोड्या भारतीयांत येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांचे नाव अग्रगण्य होय. १९२२ साली बोस्टनला आलेल्या ह्या तरुणाने रुग्णालयात हलकी कामे करून प्रारंभीचा निर्वाह केला. १९२५ साली सायरस फिस्क ह्यांच्या समवेत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली ती जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ रूढ राहिली. १९३० साली डॉक्टरेट मिळूनही हार्वर्डमध्ये कायमची जागा त्यांच्या वाट्यास आली नाही. १९४० साली ते लेडर्ली ह्या औषधे बनविणाऱ्या संस्थेत गेले, आणि फॉलिक आम्लापासून ऑरिओमायसिनपर्यंतचे संशोधन त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार व वर्षास १०० जणांचा वाटा मिळाला. तथापि १९४८ साली सुब्बाराव निवर्तले ते परकीय म्हणूनच.

१९४७ हे वर्ष आपल्या विषयात विशेष महत्त्वाचे आहे, आणि त्याची दखल त्यामानाने फारच थोडी घेतली जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील एका नियमान्वये, विद्यालयाने आवश्यक म्हटल्यास किंवा शिफारस केल्यास, परदेशी विद्यार्थ्यास ‘प्रात्यक्षिक प्रशिक्षणा’साठी सहा महिने नोकरी करता येईल व ती मुदत सहासहा महिन्यांनी दोनदा वाढविता येईल, असे ठरले. युक्ती मोठी नामी होती. विद्यार्थ्याने काम करावयाचे नाही हा दंडक तर मोडावयाचा नाही, आणि काम तर करू द्यावयाचे. म्हणून कामालाच शिक्षण असे नाव देण्यात आले. मराठी वाचकास ही कल्पना अपरिचित वाटू नये. फारसी ‘उमेद’ पासून आलेला आपला ‘उमेदवार’ कचेरीत वा कारखान्यात खपतो तो शिकण्यासाठी आणि पुढे जागा मिळेल ह्या आशेने. ‘उमेदवारी करणे’ ह्या प्रयोगात शिकणे, राबणे व आशा ही तिन्ही एकवटलेली आहेत. इंग्रजी कायद्याच्या भाषेला ह्या तिहींची मोट बांधणारा शब्द सापडला नाही. तिने पहिली दोन घेतली आणि आशेचे नाव काढले नाही.

कारण आशेचा उच्चार करणे पुढे दोषास्पदच झाले. १९५२ च्या कायद्याने सध्याचा ‘एफ’ वर्ग निर्माण केला आणि त्यात विद्यार्थ्याचे परदेशात असे निवासस्थान असले पाहिजे की जे सोडून देण्याचा त्याचा इरादा नाही, ही अट घातली. आता प्रश्न हेतूचा, म्हणजे मनाचा झाला.

ही अट सरकारला स्वतःला कितपत प्रिय होती, ह्याची परीक्षा त्याच सुमारास होऊन गेली होती. १९४९ साली चीनमध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी अमेरिकेत अडकून पडले. त्यांच्यासाठी साहाय्यनिधी मंजूर झाला व त्यांना नोकरीची परवानगी मिळाली. इतकेच नव्हे, तर १९५१ पासून विज्ञान व तंत्रविद्या शिकलेल्या चिनी पदवीधरांना देश सोडून जाण्यासच मनाई करण्यात आली. ती १९५५ मध्ये उठली. कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळविलेले व तेथेच अध्यापक असलेले अग्निबाणशास्त्रज्ञ च्येन श्वेसन ह्यांना पाच वर्षे अडकवून ठेवून १९५५ साली जाऊ दिले, आणि चीनच्या क्षेपणास्त्रविद्येचा पाया त्यांनी घातला. परतण्याची शपथ घेऊन आलेल्यांना परतू न देणारे हे सरकार होते! ज्या हेतूची इतकी कसून चौकशी होते तो हेतू राज्याच्या गरजेपुढे किती गौण ठरतो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

भारताच्या बाजूनेही परतीचा मार्ग निष्कंटक नव्हता. परदेशांतून आलेल्या शास्त्रज्ञांना योग्य जागा मिळेपर्यंत तात्पुरता आधार देण्यासाठी १९५८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे एक ‘पूल’ योजना सुरू करावी लागली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. पुढे १९६५ च्या अमेरिकी कायद्याने राष्ट्रवार वाट्याची जुनी पद्धत मोडली व व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना पसंतीक्रमात स्थान दिले. ते दार उघडताच भारतीय डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने तेथे स्थिरावू लागले.

१९९० च्या कायद्याने विशेष व्यवसायांसाठी ‘एच-१बी’ हा वर्ग आणला, त्यास वार्षिक ६५,००० ची मर्यादा घातली, आणि ह्या वर्गापुरती कायम वास्तव्याची इच्छा दोषास्पद मानावयाची नाही असे ठरविले. अमेरिकेत वरची पदवी घेतलेल्यांसाठी २००४ च्या कायद्याने आणखी २०,००० जागा ठेवल्या. १९९२ साली प्रशिक्षणाच्या नियमांची नवी रचना होऊन पदवीनंतर बारा महिने काम करण्याची मुभा मिळाली. २००८ साली विज्ञान-तंत्र-गणित शाखांना सतरा महिन्यांची जोड दिली गेली, आणि २०१६ पासून ती चोवीस महिने झाली.

ह्या नियमांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. २००८ च्या नियमाने पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहण्यास बंदी केली. म्हणजे विद्यार्थी नोकरीवाचून राहिला तर त्याचे विद्यार्थिपण जाते. १९३२ साली काम केल्याने जे जात असे, ते आता काम न केल्याने जाऊ लागले. उलट पक्षी, २०१६ च्या नियमानुसार वाढीव मुदतीत मालकाला व पदवीधराला मिळून एक प्रशिक्षणयोजना लिहून द्यावी लागते. त्यात पगार नमूद करावयाचा, देखरेख कोण करणार ते सांगावयाचे, आणि ह्या कामातून काय शिकावयाचे तेही मांडावयाचे. ज्या कामासाठी त्यास निवडले ते त्यास येते म्हणूनच निवडले, हे उभयपक्षी ठाऊक असते. तरीही ते यावयाचे आहे असे लिहावे लागते.

हा विरोध न्यायालयात जाणे अटळ होते. तंत्रक्षेत्रातील अमेरिकी कामगारांच्या एका संघटनेने असा आक्षेप घेतला की, कायदा ‘केवळ अध्ययनाच्या हेतूने’ म्हणतो, आणि पदवी मिळालेला मनुष्य विद्यार्थी उरत नाही. मग त्यास विद्यार्थी म्हणून कामावर ठेवावयाचे कसे? वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हा आक्षेप फेटाळला. व्याख्येतील क्रियापद ‘प्रवेश करू इच्छितो’ असे आहे. तेव्हा ‘केवळ’ ची व्याप्ती प्रवेशाच्या हेतूपुरती आहे, आणि प्रवेशानंतर किती काळ व कोणत्या अटींवर राहू द्यावे हे नियमांनी ठरविता येते, असा बहुमताचा आशय होता. पीठातील एका न्यायाधीशांचे मत अंशतः भिन्न पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. मराठीत आपण ‘केवळ अध्ययनासाठी प्रवेश करू इच्छिणारा’ असा अनुवाद केला, तर ‘-णारा’ ह्या प्रत्ययामुळे इच्छा प्रवेशाच्या क्षणाची की सदैवाची हे कळेनासे होते. ज्या काळभेदावर सारा निवाडा उभा आहे तोच अनुवादात विरघळून जातो. अनुवादित कायद्यांवर काम करणाऱ्या आपल्या संशोधकांनी ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

मुलाखतीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या तरुणाला ह्या निवाड्याचा उपयोग मर्यादितच होय. परतण्याचा हेतू सिद्ध करण्याचा भार तेथे त्याच्यावर असतो, आणि तेच तो बहुधा खरेपणाने सांगतोही. बाविसाव्या वर्षी कोणास आपला पुढील दहा वर्षांचा हेतू ठाऊक असतो? परंतु शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते रुपयांतील पगारातून फिटणारे नाहीत, हा हिशेब त्याने व त्याच्या वडिलांनी निघण्यापूर्वीच केलेला असतो. खिडकीवर त्या हिशेबाचा उच्चार करण्याची सोय नसते. १९०० च्या व्याख्येतील ‘निर्वाहाची तजवीज’ व ‘परतण्याची अपेक्षा’ ही दोन अंगे येथे एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात.

अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांची जी वार्षिक गणना प्रसिद्ध होते, तीत २०२३-२४ ह्या वर्षी भारतीयांची संख्या ३,३१,६०२ दिली आहे. त्यांपैकी ९७,५५६ जण कोणत्याही वर्गात बसत नव्हते. ते प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या परवान्यावर नोकरी करीत होते किंवा ती शोधीत होते, आणि गणनेत त्यांची नोंद विद्यार्थी म्हणूनच झालेली आहे.