न्यूमोनियाच्या पाच गुणांची कुळकथा

न्यूमोनिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात आणलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'डॉक्टर, जिवाला धोका नाही ना?' त्याचा अंदाज बांधायला डॉक्टर पाच खुणा बघतात. नव्यानं आलेला भ्रम, रक्तात वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्यापुढचं वय. प्रत्येकीला एक गुण. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून या गुणपत्रिकेला कर्ब-६५ असं नाव पडलं.

तिचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीनं १९८२-८३ मध्ये २५ रुग्णालयांतल्या ४५३ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९८७ साली निष्कर्ष छापले. श्वासाचा वेग, रक्तदाबाचा खालचा आकडा आणि युरिया या तिघांपैकी कोणतेही दोन बिघडलेले असतील, तर मृत्यूचा धोका २१ पट. या नियमात वयाला जागा नव्हती. पुढं १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या डॉक्टरांनी त्यात भ्रमाची भर घातली. २००३ साली नॉटिंगहॅमचे डॉ. लिम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधले १०६८ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा वय पाचवी खूण म्हणून आत आलं. शून्य गुणवाल्यांत महिनाभरात दगावणारे शंभरात एकाहून कमी होते, पाच गुणवाल्यांत निम्म्याहून जास्त.

अमेरिकेत मायकेल फाइन यांनी १९९७ मध्येच दुसरी पद्धत मांडली होती. तिच्यात वीस बाबी, आणि वयाच्या प्रत्येक वर्षाला एक गुण. बायकांचे दहा वजा. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या नावावर छातीला स्टेथोस्कोप लागण्याआधीच ८० गुण! कर्ब-६५ वयाला एकाच गुणावर थांबवते, हे मला जास्त न्याय्य वाटतं.

पाचांतली सगळ्यात नाजूक खूण भ्रमाची. ती मोजायला हॉडकिन्सन यांची १९७२ सालची दहा प्रश्नांची चाचणी वापरतात. वय काय, किती वाजले, साल कोणतं, आपण कुठं आहोत. '४२ वेस्ट स्ट्रीट' हा पत्ता ऐकवायचा आणि शेवटी पुन्हा विचारायचा. पहिलं महायुद्ध कधी सुरू झालं, गादीवर कोण आहे, वीसपासून उलटे आकडे म्हणा. आठ किंवा कमी बरोबर आले तर एक गुण. १९७२ मधल्या पंचाहत्तरीच्या इंग्रज म्हाताऱ्यानं १९१४ साल सतराव्या वर्षी पाहिलं होतं, त्याला ते आठवणारच. आपल्या आजीला ते विचारण्यात अर्थ नाही. तिथं वेळ, जागा आणि माणसं ओळखता येतात का, एवढं बघावं. पण हा भ्रम नवा आहे की जुन्या विसरभोळेपणाचा, हे घरच्यांशिवाय कोण सांगणार? वृद्धांना न्यूमोनियात कधीकधी ताप नसतो, खोकलाही नसतो. आधी बोलणं बिघडतं. 'आई सकाळपासून काहीतरीच बोलतेय' या वाक्याला वयाचा दोष म्हणून उडवून लावू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

एक उणीव मात्र राहिली. रोज टेकडी चढणारे आणि अंथरुणाला खिळलेले, दोघंही सत्तरीचे असले तर वयाचा गुण सारखाच. ही उणीव वेगळ्या वाटेनं भरून निघाली ती कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये. केनेथ रॉकवूड यांनी २००५ साली जर्जरतेची सात पायऱ्यांची पट्टी मांडली, पुढं नऊ पायऱ्यांची केली. आजारी पडण्याआधी माणूस स्वतःचं स्वतः किती करत होता, यावर पायरी ठरते. मार्च २०२०मध्ये कोविडच्या धास्तीत ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं अतिदक्षता विभागाचा विचार करताना हीच पट्टी लावायला सांगितलं. अपंगांच्या संघटनांनी लगेच आवाज उठवला आणि काही दिवसांतच दुरुस्ती आली: पट्टी वृद्धांसाठी आहे, तरुणांना, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ती लावू नये.