ग्रंथपाल आणि कोळशाचा धूर

ग्रंथालय कर्मचाऱ्यांना हवामानबदल आणि कार्बन उत्सर्जन यांचे रीतसर प्रशिक्षण देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये अलीकडची आहे. कोळसा जाळल्याने काय होते, हे मात्र तिथल्या ग्रंथपालांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळू लागले होते, आणि तेही पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरून.

१८४० च्या सुमारास लंडनच्या अथेनियम क्लबचे ग्रंथालय कोळशाच्या वायूवर जळणाऱ्या दिव्यांनी उजळत असे. काही वर्षांतच पुस्तकांची कातडी बांधणी ठिसूळ होऊन झडू लागली. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे या क्लबचे पहिले सचिव होते. वायूतील गंधक जळून तयार होणारी आम्ले कातडे खातात, असे निदान त्यांनी केले आणि दिव्याची वाफ नळीवाटे खोलीबाहेर नेणारी रचना बसवली. १८४३ मध्ये त्यांनी या विषयावर जाहीर व्याख्यानही दिले. उपाय चोख होता. त्यात पुस्तके वाचली, पण वायू शहराच्या हवेत गेला. पुढची शंभरहून अधिक वर्षे ग्रंथालयांचे बहुतेक उपाय याच धाटणीचे राहिले.

शहराच्या हवेची स्थिती काय होती, ते मँचेस्टरमध्ये सर्वांत स्पष्ट दिसत होते. १८५० च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार तिथे १८५२ मध्ये मोफत ग्रंथालय उघडले. उद्घाटनाला कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हजर होते. त्याच वर्षी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने मँचेस्टरच्या हवेतील आणि पावसातील आम्लांवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा वापरली. गिरण्यांची धुराडी आणि घराघरांतल्या शेगड्या हे या आम्लांचे उगम होते.

१ जानेवारी १९०० रोजी वाचकांसाठी खुले झालेले मँचेस्टरचे जॉन रायलँड्स ग्रंथालय म्हणजे या धुराविरुद्ध बांधलेला जणू किल्लाच. गॅसबत्त्यांना फाटा देऊन तिथे सुरुवातीपासून विजेचे दिवे लावले गेले आणि बाहेरची हवा गाळून आत घेण्याची सोय झाली. वीज इमारतीतच निर्माण केली जाई. आतली हवा स्वच्छ ठेवायला ऊर्जा खर्च करायची, हा पायंडा इथे पक्का झाला.

१९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी ओसरली. तोवर दुसऱ्या महायुद्धाने जतनशास्त्राला एक नवा धडा दिला होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधल्या मॅनड इथल्या खाणीत हलवली होती. तापमान आणि आर्द्रता स्थिर राहिल्याने ती तिथे चांगली टिकली. या अनुभवातून स्थिर हवामानाचा आग्रह वाढला आणि संग्रहालयांबरोबर तो दप्तरखान्यांत व ग्रंथालयांतही पोहोचला. ब्रिटिश मानक ५४५४ च्या २००० सालच्या आवृत्तीत, नेहमी हाताळल्या जाणाऱ्या दस्तऐवजांसाठी १६ ते १९ अंश सेल्सियस तापमान आणि ४५ ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली होती. इतकी अरुंद मर्यादा बारा महिने पाळायची तर वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालवावी लागतात. कागद टिकत होता, पण त्यासाठी लागणारा कोळसा आता दूरच्या वीज केंद्रात जळत होता.

२०१२ मध्ये हा आग्रह सैलावला. नव्या मार्गदर्शक दस्तऐवजांनी तापमानाची मर्यादा १३ ते २० अंशांपर्यंत आणि आर्द्रतेची ३५ ते ६० टक्क्यांपर्यंत रुंद केली आणि ऊर्जेचा खर्च हाही निर्णयाचा एक निकष मानला. कोणत्या संग्रहाला किती चढउतार सोसतो, हे सांभाळणाऱ्यानेच पारखायचे होते. कागदाला थंडावा मानवतो आणि बुरशी धरते ती आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली तर. मग हिवाळ्यात भांडार उबदार ठेवण्याचे कारण उरत नाही. २०१५ मध्ये हेरिफर्डला जाड उष्णतारोधक भिंतींच्या भरवशावर चालणारे अभिलेखागार उभे राहिले. जतनाच्या इतिहासात हे वळण फॅरडेच्या नळीइतकेच महत्त्वाचे आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

प्रशिक्षणाचा धागा पुन्हा मँचेस्टरचाच. शहराचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत ४१ टक्क्यांनी घटवण्याचा आराखडा २००९ मध्ये ठरला. शहरात राहणाऱ्या, शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला एक दिवसाचे कार्बनविषयक शिक्षण मिळावे, ही कल्पना त्यातूनच आली आणि २०१२ मध्ये ‘कार्बन साक्षरता प्रकल्प’ सुरू झाला. शिकवणारा शक्यतो सहकाऱ्यांपैकीच असावा, उदाहरणे त्याच व्यवसायातली आणि त्याच गावातली असावीत, आणि शेवटी प्रत्येकाने दोन संकल्प लिहून द्यावेत, एक स्वतःपुरता आणि एक इतरांना सोबत घेऊन करण्याचा, असे त्याचे नियम आहेत. प्रमाणपत्र मिळते ते हे संकल्प तपासून झाल्यावर.

ग्रंथालय क्षेत्रात राष्ट्रीय पातळीवर संघटित काम २०२२ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी ग्रंथपालांची व्यावसायिक संस्था ‘सिलिप’, ब्रिटिश लायब्ररी आणि इतर संस्था आर्ट्स कौन्सिल इंग्लंडच्या निधीतून ‘हरित ग्रंथालय’ उपक्रमासाठी एकत्र आल्या आणि एक जाहीरनामा निघाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हरित ग्रंथालय सप्ताह’ झाला. इमारत तापवण्याचा खर्च, संगणक, शाखांमध्ये पुस्तके नेणाऱ्या गाड्या असे रोजचे विषय ग्रंथालयांच्या चर्चेत आले. एक पुस्तक अनेकांनी वाचण्याची ग्रंथालयाची मूळ रीत काटकसरीचीच असल्याने हा विषय या मंडळींना परका वाटला नाही. स्कॉटलंडमधल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांनी तर वस्तू उसन्या देण्याची आणि दुरुस्त करून घेण्याची केंद्रेही उघडली.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या कार्बनविषयक प्रशिक्षणाची मर्यादाही उघड आहे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती, बॉयलर आणि वीजपुरवठ्याचे करार बहुधा स्थानिक परिषदांच्या हाती असतात. शाखेतला कर्मचारी दिवे मालवू शकतो, पण बॉयलर बदलण्याचा निर्णय त्याचा नसतो. म्हणून परिषदेचे सदस्य आणि इमारत विभागाचे अधिकारी यांना वगळून केवळ ग्रंथपालांना दिलेले असे प्रशिक्षण अपुरे ठरते.